साध्या वेशातलं विमान

(पडद्यावर : वाळवंट, ताडाची झाडं, धावपट्टीवर उतरणारं जुनं बोइंग ७०७)

मार्च १९६२. कॅलिफोर्नियातलं पाम स्प्रिंग्ज. वाळवंटाच्या कुशीतलं, पैसेवाल्यांचं गाव. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी इथे सुट्टीला आलेत आणि त्यांचं विमान धावपट्टीवर उतरतंय. बघणाऱ्यांत एक गृहस्थ आहेत, त्यांना ते विमान मुळीच आवडलेलं नाही.

त्यांचं नाव रेमंड लोई. जन्म पॅरिसचा, कर्तृत्व अमेरिकेतलं. लकी स्ट्राइक सिगारेटचं पांढरं पाकीट त्यांचं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची निमुळती इंजिनं त्यांची. ग्रेहाउंडच्या बसगाड्यांनाही त्यांचाच हात लागलेला. वस्तू दिसली की ती कशी दिसायला हवी होती हे या माणसाच्या डोळ्यांना आधी दिसायचं. आणि समोर उभं होतं जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचं विमान. त्याचं रूप त्यांना भडक वाटलं, आणि वरची अक्षरं नवशिक्यानं काढल्यासारखी.

(पडद्यावर : १९५९ सालचं व्हीसी-१३७, म्हणजे हवाई दलातलं बोइंग ७०७, नारंगी नाक)

खरं सांगायचं तर तो भडकपणा उगाच नव्हता. अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विमानांच्या नाकावर आणि शेपटीवर त्या काळी झगझगीत नारंगी-तांबडा रंग लावत. आकाशात गर्दी वाढत होती, रडारची नजर सगळीकडे पोहोचत नव्हती. समोरच्या वैमानिकाला दुरून दिसावं आणि टक्कर टळावी, एवढाच त्यामागचा हिशोब. आपल्याकडे रस्त्यावर काम करणारे कामगार चमकणारी जाकिटं घालतात ना, तसंच. आणि अंगावर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं? तर खात्याचं नाव : मिलिटरी एअर ट्रान्सपोर्ट सर्व्हिस. म्हणजे परदेशच्या विमानतळावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पायऱ्या उतरतोय आणि त्याच्या मागे पाटी लष्करी वाहतूक खात्याची.

नवरदेव मिरवायला निघाला आणि गाडीवर नाव ट्रान्सपोर्ट कंपनीचं, असा तो प्रकार.

लोईंनी केनेडींच्या हवाई दलातल्या सहायकाकडे आपलं मत बोलून दाखवलं, आणि मदत करू, तीही फुकट, असंही सांगितलं. व्हाइट हाउसचं बोलावणं आलं. पुढची हकिगत लोईंनी स्वतःच सांगून ठेवली आहे, आणि मला ती या सगळ्या कथेतली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. ओव्हल ऑफिसच्या जमिनीवर बसकण मारून राष्ट्राध्यक्ष आणि हा रेखाटनकार, दोघं मिळून रंगीत कागदाचे तुकडे कापतायत, ते जुळवून बघतायत. साल १९६२. क्यूबाचा अण्वस्त्रांचा पेचप्रसंग अजून काही महिने लांब होता.

लोईंनी आणलेल्या नमुन्यांत लाल आणि सोनेरी रंग होते. केनेडींना त्यातला अगदी साधा आराखडा आवडला. फक्त तो निळ्यात हवा, म्हणाले. मग दोन निळे ठरले. एक फिकट, राखेकडे झुकणारा, दुसरा गडद. वरचा भाग पांढरा. निळा नाकापासून सुरू होतो आणि खिडक्यांच्या रेषेवरून मागे वाहत जातो. पोटाकडचा भाग मात्र रंगवलाच नाही. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा घासूनपुसून तसाच चकचकीत ठेवला.

आणि अक्षरं. ती शोधायला लोई गेले राष्ट्रीय अभिलेखागारात. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची पहिली छापील प्रत ज्या वळणाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, जुळवली होती, त्या वळणाचं नाव कॅस्लन. इंग्लंडमधल्या एका ओतारीच्या नावानं ओळखलं जाणारं. गंमत बघा, इंग्लंडच्या राजाविरुद्धचा जाहीरनामा इंग्लिश खिळ्यांतच छापलेला! तेच वळण लोईंनी उचललं, अक्षरांमध्ये ऐसपैस जागा सोडली आणि विमानाच्या अंगावर लिहिलं : युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका. खात्याचं नाव गेलं, देशाचं आलं. शेपटीवर झेंडा, नाकाजवळ राष्ट्राध्यक्षांची मुद्रा.

(थोडा विराम. इंजिनांचा आवाज)

मला विचाराल तर त्या दिवशी रंग बदलला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेश बदलला. विमान हवाई दलाचंच होतं. वैमानिक गणवेशातले. शेपटीवरचा २६००० हा आकडाही हवाई दलाच्याच वहीतला. पण बाहेरून बघणाऱ्याला सैन्य दिसत नव्हतं, देश दिसत होता. साध्या वेशातला पोलीस असतो, तसं हे साध्या वेशातलं लष्करी विमान.

याआधी असं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. १९४७ साली हॅरी ट्रुमन यांना नवं डीसी-६ मिळालं. मिझुरीतल्या आपल्या गावावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘इंडिपेन्डन्स’. ते विमान रंगवलं होतं चक्क गरुडासारखं. नाकाला चोच, अंगभर निळी पिसं, शेपटीवरही पिसारा. आज ते ओहायोत डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे. हौस दिसते त्यात, आणि मला तर ते आवडतंही. पण परराष्ट्र दौऱ्यावर उतरणारा गरुड म्हणजे थोडी दटावणीच झाली. लोईंच्या विमानात दटावणी नाही. इस्त्रीचा सदरा घालून दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते दिसतं.

(पडद्यावर : डॅलस, लव्ह फील्ड. कृष्णधवल चित्रण)

हे नवं विमान ऑक्टोबर १९६२ मध्ये ताफ्यात आलं. जेमतेम तेरा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर १९६३ ला, डॅलसच्या धावपट्टीवर त्याच विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून केनेडींची शवपेटी ठेवायला जागा करावी लागली. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच विमानात. या विमानाचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र तेच आहे, आणि त्यात बाहेरचा निळा कणभरही दिसत नाही.

निळा मात्र टिकला. १९९० मध्ये ७०७ ची जागा भल्यामोठ्या ७४७ नं घेतली, तरी आराखडा लोईंचाच राहिला.

(पडद्यावर : ओव्हल ऑफिसमधल्या टेबलावर विमानाची प्रतिकृती)

तो मोडायचं ठरवलं डोनाल्ड ट्रम्प यांनी. नव्या ७४७-८ विमानांसाठी त्यांना वर पांढरा, मधून लाल पट्टा आणि खाली गडद निळा हवा होता. प्रतिकृती टेबलावर आली. आणि मग मधे आलं भौतिकशास्त्र. गडद रंग ऊन पितो, हे काळी छत्री वापरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. २०२२ मध्ये अमेरिकी हवाई दलानं सांगितलं की गडद निळ्यामुळे काही यंत्रभागांचं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतं. म्हणजे रंगासाठी यंत्रांची नव्यानं चाचणी, कदाचित फेरबदल, आणि खर्च. हौसेचं मोल काय, ते असं अंशांत मोजता येतं. मार्च २०२३ मध्ये जो बायडन यांनी केनेडींच्या वळणाचाच आराखडा निवडला, निळा थोडा आणखी गडद. २०२५ साली ट्रम्प परत सत्तेवर आले, तोवर विमानं तयारच झालेली नव्हती.

(पडद्यावर : करडं व्हॉयेजर विमान, लढाऊ विमानात इंधन भरताना)

आता ब्रिटन. इथे गोष्ट उलटी आहे. त्यांचं व्हॉयेजर हे मुळात हवेतल्या हवेत इंधन भरणारं टँकर विमान. एअरबस ए३३० वर बेतलेलं. रंग करडा, कारण करडा रंग ढगाळ आकाशात मिसळून जातो, आणि लष्करी विमानानं नजरेत भरू नये हीच अपेक्षा. त्यातल्याच एकात, झेडझेड३३६ मध्ये, मंत्र्यांसाठी आणि राजघराण्यासाठी आसनं बसवली. बोरिस जॉन्सन परराष्ट्रमंत्री असताना २०१८ मध्ये त्यांनी जाहीर कुरकुर केली की हे विमान करडंच का असावं. पुढे ते पंतप्रधान झाले. जून २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, केंब्रिजमधून ते विमान पांढरंशुभ्र होऊन बाहेर आलं : शेपटीवर युनियन जॅक, अंगावर सोनेरी अक्षरांत देशाचं नाव. खर्च सुमारे ९ लाख पौंड. दवाखान्यांतल्या परिचारिकांसाठी टाळ्या वाजवणाऱ्या देशात त्यावर टीका व्हायची ती झालीच.

पण टँकरचं काम सुटलेलं नाही. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून मिरवलेला बैल दुसऱ्या दिवशी औताला जुंपतात, तसं हे सजलेलं विमान आजही लढाऊ विमानांना इंधन पाजू शकतं.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांची शवपेटी एडिनबर्गहून लंडनजवळच्या नॉर्थोल्टला आणली, ती कशातून? या पांढऱ्या विमानातून नाही. हवाई दलाच्या करड्या, बोजड सी-१७ मधून. टीव्हीवर ते बघताना कुणाला वाटलं नसेल की इथे रंगाची काही उणीव आहे.

एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. रंग कितीही पांढरा असो, कायद्याला तो दिसत नाही. १९४४ च्या शिकागो कराराचं तिसरं कलम सांगतं की लष्करी, जकातीच्या आणि पोलिसी कामातली विमानं ही ‘राज्याची विमानं’. दुसऱ्या देशावरून जायचं तर आधी खास परवानगी हवी. साधा वेश घातला म्हणून प्रवासी विमानाची सवलत मिळत नाही.

(पडद्यावर : मुंबई विमानतळ, एअर इंडियाचं जंबो)

आपल्याकडे तर कित्येक वर्षं वेश बदलायची गरजच नव्हती. पंतप्रधान लांबच्या दौऱ्यावर निघाले की एअर इंडियाचं ७४७ घेतलं जायचं. खिडक्यांभोवती तांबड्या महिरपी, झरोक्यांसारख्या. दौरा संपला की तेच विमान पुन्हा तिकीट काढलेल्या प्रवाशांच्या सेवेत. देशाच्या पंतप्रधानांच्या विमानावर विमान कंपनीचं नाव, आणि आपल्याला त्यात काही खटकतही नव्हतं. महाराजा घरचाच होता. त्या ताफ्यातल्या एका ७४७ नं २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून शेवटचं उड्डाण केलं, तेव्हा उडता उडता पंख हलवून निरोप घेतला. मुंबईकरांना तो क्षण आठवत असेल.

जवळच्या दौऱ्यांसाठी होती हवाई दलाची तुकडी, दिल्लीच्या पालमवरची. तिच्या बोइंग ७३७ विमानांची नावं राजदूत, राजहंस, राजकमल. मग १ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीत उतरलं ७७७-३००ईआर. ते चालवतं हवाई दल, क्रमांक ‘के’ने सुरू होणारा, पण नजर जाते ती शेपटीवरच्या तिरंग्याकडे, अशोकस्तंभाकडे आणि दोन शब्दांकडे : ‘भारत’, आणि रोमन लिपीत ‘इंडिया’.

त्यातला ‘भारत’ मला दिसायलाही जास्त शोभतो. देवनागरीची शिरोरेषा खिडक्यांच्या रांगेला समांतर धावते. रोमन अक्षरांना ही सोय नाही. लोईंना अभिलेखागारात जावं लागलं, आपल्याला रेघ आयतीच मिळाली.

(पडद्यावर : ९ ऑगस्ट १९७४. हेलिकॉप्टरच्या दारात हात उंचावणारे निक्सन. मग ढगांवरून जाणारं निळं-पांढरं ७०७)

रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला त्या दिवशी ते सकाळीच कॅलिफोर्नियाला निघाले. राष्ट्राध्यक्ष आत असतील तरच त्या विमानाला ‘एअर फोर्स वन’ म्हणायचं, असा नियम. भर दुपारी बारा वाजता वॉशिंग्टनमध्ये जेराल्ड फोर्ड यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा निक्सन यांचं विमान मिझुरीच्या आकाशात होतं. वैमानिकानं रेडिओवरून जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवलं की आता आमची हाक बदला : एसएएम २७०००, म्हणजे ‘स्पेशल एअर मिशन’ आणि पुढे या दुसऱ्या ७०७ चा आकडा. नियंत्रकानं नोंद केली. निळा तोच, झेंडा तोच, कॅस्लनमधली अक्षरंही तीच. विमान तसंच पश्चिमेकडे उडत राहिलं.