पॉलिसी क्लिनिकची, सही तुमची

नमस्कार नाशिककर मंडळी. आज विषय जरा रुक्ष आहे, प्रोफेशनल इंडेम्निटी विम्याचा, म्हणजे उपचारात आपलं चुकलं म्हणून पेशंटने भरपाई मागितली तर कामी येणाऱ्या पॉलिसीचा, पण लगेच स्टेशन बदलू नका, कारण गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या पाट्या आता सहज दिसतात आणि पाटी लावणाऱ्या बऱ्याच जणांनी हा कागद कधी उघडून वाचलेला नसतो. आमचं काम काय ते माहीत नसणाऱ्यांसाठी पटकन सांगते. लकवा मारलेल्या आजोबांना शर्टाची बटणं स्वतः लावता यावीत, सातपूर-अंबडला प्रेस मशीनमध्ये हात सापडलेल्या कामगाराला परत पाना धरता यावा, पेन्सिल धरायलाच वैतागणाऱ्या पोराला लिहिणं जमावं, हे सगळं आमच्याकडे येतं.

आता नवीन पास झालेली मुलं सगळ्यात आधी विचारतात, मॅडम हा विमा कंपल्सरी आहे का हो? आपल्याकडे नाही. रजिस्ट्रेशन कंपल्सरी आहे, महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची मिळून एक कौन्सिल आहे, तिचा कायदा 2002 चा, शिवाय 2021 मध्ये केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला त्यातही आपण आहोत. विम्याचं मात्र गाडीच्या थर्ड पार्टीसारखं नाही, कोणी चौकात अडवून कागद मागत नाही. त्यामुळे सगळे निवांत. पण पेशंटला ग्राहक आयोगात जायला तुमच्याकडे विमा आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. 1995 ला सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता केसमध्ये सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि जिथे काही पेशंट पैसे देतात तिथले फुकट तपासलेले पेशंटही ग्राहकच धरायचे. वकील मंडळी 2024 च्या निकालाने या कायद्यातून सुटली, आपण नाही सुटलो, असो.

आमच्या कामात काय एवढं होणार, असं वाटतं ना? स्प्लिंटचंच घ्या, म्हणजे हाताला आधार द्यायला मापाने बनवलेली पट्टी. थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकायची, मऊ पडली की टॉवेलवर टिपून हातावर बसवायची. आता मशीनमध्ये सापडलेल्या हाताची नस गेलेली असेल तर त्या माणसाला गरमही कळत नाही आणि घट्टही कळत नाही, तो आपला म्हणणार ठीके मॅडम, आणि कंपनीच्या शिफ्टला निघून जाणार. मग मनगटाच्या बाहेरच्या हाडावर लाल चट्टा, मग फोड, मग जखम. तुम्ही जाताना सांगितलं होतं की लाल दिसलं, सुजलं तर लगेच दाखवायला या, पण ते फाइलमध्ये तारखेसकट लिहिलंय का? पेशंटची सही आहे का? नसेल तर तुमचा शब्द विरुद्ध त्याच्या जखमेचा फोटो.

आणि असं काही झालं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो, मिटवून टाका. ओळखीचे आहेत, दहा-वीस हजार देऊन टाका, सॉरी लिहून द्या, कशाला आयोगाची पायरी चढता. माणुसकी म्हणून भेटायला जरूर जा, ड्रेसिंग कसं चाललंय बघा, फाइलची कॉपी मागितली तर द्या. पण पॉलिसीत अट असते की विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशाचा शब्द द्यायचा नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर 'खर्च मी बघते' असं टाकलं की कंपनीला हात वर करायला कारण मिळालं. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला कळवा. ग्राहक आयोगाच्या नोटिशीला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर वर 15, आणि त्या 45 दिवसांपुढे मुदत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्येच पक्कं करून टाकलंय. दिवाळी होती, गावी गेले होते, हे तिथे चालत नाही.

आता पॉलिसीच्या आत काय असतं. ही पॉलिसी क्लेम्स मेड पद्धतीची असते, म्हणजे चूक कधी झाली एवढंच बघत नाहीत, दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी. पेशंटला तक्रार करायला कायद्याने दोन वर्षं असतात. तुम्ही क्लिनिक बंद केलं, बाळंतपणासाठी ब्रेक घेतला, हप्ता कशाला भरायचा म्हणून पॉलिसी सोडली, आणि मागच्या वर्षीच्या पेशंटची नोटीस आली, तर हातात काही नाही. कंपनी बदलताना रेट्रोॲक्टिव्ह तारीख, म्हणजे ज्या दिवसापासूनचं तुमचं काम पॉलिसीत धरलं जातं ती, जुनीच राहतेय ना, हे एजंटकडून लिहून घ्या, दोन-चारशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून ती घालवू नका. आकडाही नीट बघा, वीस लाखांची पॉलिसी म्हणतात पण 1:2 लिहिलं असेल, म्हणजे एका घटनेची मर्यादा वर्षाच्या निम्मी, तर एका घटनेला दहाच लाख, आणि बहुतेक वेळा वकिलाची फीसुद्धा त्यातूनच जाते.

आणखी एक गंमत. सेन्सरी रूममधल्या, म्हणजे पोरांच्या थेरपीच्या खोलीतल्या झोक्यावर पोराला किती वेळ, कसं बसवायचं यात तुमचं चुकलं तर ही पॉलिसी, पण ओल्या फरशीवरून पोराची आई घसरली तर ती जागेची जबाबदारी, त्याला पब्लिक लायबिलिटी वेगळी. आणि झोक्यापाशी उभी असलेली मदतनीस ताई ट्रेन्ड नसेल तर तिचं नाव जादा प्रीमियम भरून घालावं लागतं.

सगळ्यात जास्त फसतात ते पगारावर काम करणारे. सर म्हणतात क्लिनिकची पॉलिसी आहे ना, कशाला काळजी. अहो पण ती क्लिनिकच्या नावावर, नोटशीटवर सही तुमची, तक्रारीत दोघांची नावं येणार. त्यात तुमचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते बघा, आणि तुम्ही संध्याकाळी पंचवटीत घरोघरी जाऊन जे पेशंट करता ते त्यात धरलेत असं समजू नका. मला विचाराल तर स्वतःची वेगळी घ्याच.

कॅनडा कॉर्नरवरून खऱ्या कॅनडाला निघालेल्यांना हे सांगायची गरज पडत नाही, कारण ओंटारियोत किमान 50 लाख डॉलरचं कव्हर असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, इंग्लंडमध्येही जुलै 2014 पासून कव्हर असणं कायद्याने बंधनकारक आहे, ऑस्ट्रेलियातही तसंच. पण इथे बसून दुबई-अमेरिकेतल्या मराठी पोरांची ऑनलाइन सेशन्स घेणाऱ्यांनो, आपली साधी पॉलिसी भारतापुरती असते, तिकडच्या कोर्टातला दावा त्यात बसत नाही. तेव्हा पुढच्या सेशनची लिंक पाठवायच्या आधी पॉलिसीवर ज्युरिस्डिक्शनच्या रकान्यात, म्हणजे कुठल्या देशातल्या कोर्टाचे दावे चालतात तिथे, काय लिहिलंय ते वाचा, आणि तिथे फक्त भारत असेल तर परदेशातल्या पेशंटसाठी वाढीव कव्हर मिळतं का ते कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवर नको.