हात वर जातो तेव्हा पाठ काय करते

घरात कोणी असेल तर त्याला तुमच्या पाठीमागे उभं करा. खवाटा, म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी चपटं हाड, त्याचं खालचं टोक चाचपून शोधायला सांगा, सापडलं की अंगठा तिथेच ठेवायचा आणि तुम्ही हात बाजूने हळूहळू वर न्यायचा. सुरुवातीला अंगठ्याखाली फारसं काही होत नाही. मग हात साधारण ३० अंशांच्या वर गेला की ते टोक सरकायला लागतं, बाहेर, काखेच्या दिशेने, आणि हात कानाला टेकेपर्यंत पार बरगड्यांच्या कडेला जाऊन पोचतं.

(दृश्य: उघडी पाठ, मागून. हात खाली, मग वर. स्लो मोशन.)

खांदा म्हटलं की सगळे कॅमेरे समोरून लावतात, आम्ही मुद्दाम मागून लावलाय. हात पूर्ण वर म्हणजे १८० अंश, त्यातले ढोबळमानाने १२० खांद्याच्या मुख्य सांध्यात, म्हणजे दंडाचं हाड खवाट्याला मिळतं तिथे होतात आणि उरलेले ६० खवाटा फिरल्यामुळे मिळतात. दोनास एक. हा हिशोब १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट या तिघांनी मांडला, पुढे लोकांनी मोजून बघितलं तेव्हा हे प्रमाण माणसागणिक बदलतं असं दिसलं, तरी फिजिओवाले आजही दोनास एकच सांगतात आणि लक्षात ठेवायला ते बरं पडतं.

आता सांधा. शाळेत उखळीचा सांधा म्हणून खांदा आणि खुबा एकाच ओळीत लिहून आपण मार्क घेतले. पण खुब्याची वाटी चांगली खोल असते, मांडीचं हाड तिच्यात रुतून बसतं. खांद्याच्या नशिबी बशी आलीय, तीही छोटी, आणि बशीवर लिंबू टेकवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिला टेकलेला, कुठल्याही क्षणी त्याचा फार तर एक तृतीयांश भाग तिला लागलेला असतो. कडेने लॅब्रम नावाची चिवट रिंग आहे म्हणून थोडी खोली येते, बाकी भोवतीचं आवरण ढगळच, आणि ते ढगळ नसतं तर हात एवढा फिरलाच नसता. मग गोळा घसरत नाही का? घसरतो की! मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो हाच, आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. एरवी त्याला जागेवर दाबून धरतात चार स्नायू, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, मिळून रोटेटर कफ, आणि हे चौघे निघतात कुठून, तर त्या खवाट्यावरूनच.

बरं, खवाटा तरी कशाला धरून आहे? बरगड्यांशी त्याचा खरा सांधाच नाही. अख्खा हात धडाला हाडाने जोडलाय तो एकाच ठिकाणी, गळ्याखाली, जिथे कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला मिळतं. बाकी सगळं स्नायूंच्या भरवशावर. भन्नाट आहे हे, आणि थोडं बेजबाबदारही.

(दृश्य: मल्लखांबावर चढणारी मुलं, कॅमेरा काखेच्या खालून.)

ही पोरं उघड्या अंगाने खेळतात म्हणून बरं दिसतं. काखेखाली बरगड्यांवर त्या पट्ट्या उठल्यात ना, तो सेरेटस अँटिरियर नावाचा स्नायू. मानेपासून पाठीवर उतरणारा ट्रॅपिझियस आणि हा, दोघं मिळून खवाटा फिरवतात. सेरेटसची नस, म्हणजे नर्व्ह, दुखावली की भिंतीला दोन्ही हात लावून ढकलताना त्या बाजूचा खवाटा पाठीवरून चक्क उचलला जातो, आणि हात वर नेणंही अवघड होऊन बसतं, सांधा एकदम ठणठणीत असला तरी.

अजून एक करून बघा. अंगठा जमिनीकडे वळवून हात बाजूने वर न्या, खांद्याच्या उंचीच्या आसपास कुठेतरी अडेल. आता तळवा वर करा, गेला ना पुढे? दंडाच्या हाडाला बाहेरच्या अंगाला एक उंचवटा आहे आणि सांध्याच्या वर खवाट्याचंच एक टोक छतासारखं आलंय, अ‍ॅक्रोमियन. दोघांच्या मध्ये जागा साधारण एक सेंटिमीटर, त्यातूनच सुप्रास्पायनेटसचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जातो. हाड बाहेर वळलं की उंचवटा छताखालून मागे निघून जातो. रोज हे आपोआप होतं म्हणून कळत नाही.

जखडलेला खांदा, फ्रोझन शोल्डर, यात तेच ढगळ आवरण आकसून जाड होतं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त, डायबेटिस असेल तर आणखी जास्त. केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजचा हुक लागत नाही, आणि हात वर न्यायला सांगितला की माणूस अख्खा खवाटाच उचलतो, मागून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगा, वळत नाही, आणि दुसऱ्याने धरून वळवला तरी वळत नाही. रोटेटर कफ फाटला असेल तर सहसा उलटं असतं, स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने उचलला की हात वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो आणि घरचे म्हणतात, बघ, काही निघालं नाही, उगाच बाऊ करतेस. हाडं ठीकच असतात हो, आकसलेलं आवरण एक्स-रेत दिसत नाही.