41 भागिले 10

हा गाडीचा डिफरेन्शियल, इंजिनची ताकद चाकांना वाटून देणारा भाग. यातलं हे तेलाने माखलेलं मोठं चक्र फिरतंय ना, ते क्राऊन व्हील, आणि त्याला भिडलेला छोटा तो पिनियन. दात मोजा. क्राऊनला 41, पिनियनला 10. भागाकार केला की 4.1, हाच फायनल ड्राइव्ह रेशो. पिनियनचे 4.1 फेरे, तेव्हा चाकाचा एक. शेजारच्या ट्रेमध्ये गाडीतून काढलेला जुना सेट आहे, तो 37 ला 10, म्हणजे 3.7.

लोक एअर फिल्टर बदलतात, एक्झॉस्ट बदलतात, इंजिनचं सॉफ्टवेअर रिमॅप करतात, आणि या डिफरेन्शियलच्या हाउसिंगचं झाकण कुणी उघडूनही बघत नाही. इथे इंजिनला हात लावलेला नाही, तरी चाकावरची ओढ जवळजवळ 11 टक्के वाढलीये, तीही पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्या गिअरमध्ये.

आता हा पिवळा रंग बघा. दातांना पेस्ट लावायची, चक्र हाताने पुढेमागे फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. इथे ठसा दाताच्या कडेला गेलाय, म्हणून परत सगळं खोललं, पिनियनमागची शिम, म्हणजे पातळ चकती, बदलली, परत बसवलं, परत रंग, परत फिरवलं. तिसऱ्यांदा ठसा मधोमध आला. मग डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, मोजायची, ती साधारण 0.15 मिलिमीटर, एवढ्याशा फटीसाठी अख्खी दुपार, आणि ती द्यायलाच हवी, नाहीतर डिफरेन्शियल आयुष्यभर रडत राहतं.

हा आरपीएमचा काटा. दुसऱ्यात 6000 ला गिअर टाकला, तिसऱ्यात 4200 वर आला. जुन्या सेटवरही नेमका 4200 वरच यायचा, कारण दोन गिअरमधलं अंतर गिअरबॉक्स ठरवतो, फायनल ड्राइव्ह नाही. 'रेशो बदलला की गिअर जवळ येतात' असं जे म्हणतात ते चूक आहे. बदलतो तो स्पीड. आधी दुसरा ताशी 92 पर्यंत जायचा, आता 83 लाच संपतो, म्हणून हात लिव्हरवर लवकर जातो. पाचव्यात 100 ला आधी 2600 आरपीएम, आता 2880 च्या आसपास, आवाज वाढतो, पेट्रोलही थोडं जास्त लागतं.

आणि हा चढ. डावीकडे जुना सेट, तिसऱ्यात दम तुटला, दुसरा टाकावा लागला. उजवीकडे तीच गाडी, तोच चढ, तिसराच गिअर.