फवारणी नको, ड्रिप हवं

नमस्कार. मागच्या रांगेत कुजबुज चाललीय की डॉक्टरीणबाई पाळीवर बोलणार आणि पुरुषमंडळीही बसलीयत, तर बसू द्या की, ओव्याचा काढा कधीतरी त्यांनीही करावा.

तर एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला पाळीत पडून जातं ना, तसलंच अस्तर काहीजणींच्या गर्भाशयाबाहेर रुजतं, अंडाशयावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. हार्मोन्स त्यालाही पोचतात, तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नाही. अंडाशयात साठून काळपट झालं की चॉकलेट सिस्ट. जगात साधारण 19 कोटी बायका, म्हंजे पाळीच्या वयातल्या दहात एक. आणि निदानाला कित्येक वर्षं, कारण घरोघरी एकच डायलॉग, 'सगळ्यांनाच दुखतं गं, लग्न झालं की थांबेल'.

सोनोग्राफीत सिस्ट दिसते, पोटाच्या पडद्यावरचे बारीक डाग निसटतात, मग दुर्बिणीचं ऑपरेशन, त्यातही डोळ्याला दिसलं तेवढंच निघतं, उरलेलं परत वाढतं. हार्मोनच्या गोळ्या चालतात, पण निफाड-दिंडोरीचे बागायतदार बसलेत म्हणून सांगते, त्या अंगभर पसरतात, ती ब्लोअरची फवारणी आहे, वेलीवर, मातीवर, स्वतःच्या अंगावरही. आपल्याला हवंय ड्रिप, ज्या झाडाला पाहिजे त्याच्याच मुळाशी.

नॅनोकण म्हंजे तेच करायचा प्रयत्न. 100 नॅनोमीटरपेक्षा लहान, केसाची जाडीच ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर, त्यावरून अंदाज घ्या. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ओलेना आणि ओले तारातुला, सोबत ओव्ह स्लेडन, या संशोधकांनी 2020 मध्ये असे कण केले ज्यांच्या पोटात एक रंगद्रव्य भरलेलं. शिरेतून सोडायचे. बाहेर रुजलेल्या अस्तराच्या या गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, घाईघाईत बांधलेल्या, गळक्या, त्यातून कण झिरपून तिथेच साठतात. मग डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश टाकला की ती जागा कॅमेऱ्यावर चमकते, सर्जनला कुठे कापायचं ते कळतं, आणि तोच प्रकाश जरा जोरात टाकला की कण तापतात आणि तिथला टिश्यू शिजून मरतो. शोधणारा आणि मारणारा एकच, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पण प्रकाश खोल जात नाही. म्हणून त्याच लोकांनी पुढे लोहाच्या ऑक्साइडचे, कोबाल्ट-मँगनीज घातलेले चुंबकीय कण केले, त्यांना गाठीतल्या रक्तवाहिन्या ओळखणारा एक तुकडा चिकटवला. एमआरआयमध्ये दिसतात, आणि बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं की 50 डिग्रीच्या वर तापतात.

काय ताई? इंजेक्शन नाशकात कुठे मिळतं? कुठेच नाही हो, हे सगळं उंदरांवर झालंय. आणि त्यातही गंमत, या उंदरांना पाळीच येत नाही, म्हणून पाळी येणाऱ्या माकडिणीच्या अस्तराचा तुकडा उंदरात लावला, म्हंजे रोग आधी तयार करायचा आणि मग बरा करायचा. तुमच्या मुलीला आज दुखतंय ना, तर आज सोनोग्राफी, गोळ्या, चांगली स्त्रीरोगतज्ज्ञ, या नॅनोकणांची वाट बघत बसू नका.

अडचणीही आहेतच. ड्रिपची नळी खारी कुरतडतात आणि पाणी भलत्याच सरीत जातं, तसे नॅनोकण यकृतात, प्लीहेतही जाऊन बसतात. ते किती दिवसांनी निघतात, आणि जिला अजून मूल हवंय तिच्या अंडाशयाशेजारी 50 डिग्रीची शेगडी पेटवायची का, हे बाईच्या शरीरात बघायचं अजून बाकीये.