ल्यूक कीकलीची आठ वर्षं

मंडळी, आजच्या खेळाडूच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहून उच्चार सहसा कुणालाच जमत नाही. उच्चार आहे कीकली. ल्यूक कीकली. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तो २०१२ ते २०१९ असे आठ हंगाम खेळला. आठही शार्लट शहरातल्या कॅरोलायना पँथर्स या संघाकडून, आणि जवळजवळ सगळे एकाच जागी: मधला लाइनबॅकर. जानेवारी २०२० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा वय होतं २८. पाय शाबूत, करार शिल्लक, जागेला धोका नाही. तरी थांबला. का थांबला हे समजायला ती जागा काय मागते ते आधी पाहावं लागतं, म्हणून चरित्र जरा मागे ठेवतो.

मैदान १०० यार्ड लांब, रुंदी ५३ यार्डांहून किंचित जास्त. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चेंडूवाल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. बचाव करणाऱ्यांचे तीन थर. पुढे चेंडूला जवळजवळ नाक लावून बसलेले धिप्पाड लोक, अगदी मागे पास अडवणारे चपळ लोक, आणि मध्ये चार-पाच यार्डांवर गुडघे वाकवून उभे लाइनबॅकर. समोरचा चेंडू घेऊन पळणार असेल तर लाइनबॅकरने पुढे घुसायचं. पास फेकणार असेल तर मागे सरकायचं. दोन्ही कामं एकाच माणसाची आणि दिशा नेमक्या उलट. प्रतिस्पर्ध्याची निम्मी हुशारी त्याचं पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला पडावं यासाठीच खर्च होते.

लाइनबॅकर मुळात तीन, आणि तिघांना नावं आहेत. मिडलचा तो माइक, वीक म्हणजे कमी माणसांच्या बाजूचा तो विल, स्ट्राँग बाजूचा तो सॅम. आद्याक्षरावरून पडलेली ही टोपणनावं सगळ्या लीगमध्ये सारखीच. हल्ली पास इतके वाढलेत की समोर तिसरा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आला की सॅमला बाहेर काढून जादा पास-रक्षक आणतात. म्हणजे बराच वेळ मैदानात लाइनबॅकर दोनच. पँथर्सकडे हे दोघं म्हणजे कीकली आणि थॉमस डेव्हिस. या डेव्हिसचा उजव्या गुडघ्याचा तोच स्नायुबंध तीन वेळा फाटला आणि तिन्ही वेळा तो परत येऊन खेळला. त्याच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आता घड्याळ पाहू. एक डाव, म्हणजे त्या चारांपैकी एक प्रयत्न, संपला की चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं, तेवढ्यात पुढचा डाव सुरू व्हायला हवा. बचावाच्या बाजूने मैदानातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, आणि ओळखू यावं म्हणून त्यावर हिरवा ठिपका. बचावाला ही सोय २००८ पासून मिळाली. पँथर्सचा ठिपका कीकलीच्या डोक्यावर. कडेला उभा प्रशिक्षक डाव सांगतो, हा तो ऐकतो आणि ओरडून, हातवारे करून बाकी दहांना पोचवतो. घड्याळावर पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. तिथून पुढे माइक एकटा.

त्या पंधरा सेकंदांत तो काय करतो? समोरची रचना वाचतो. टाइट एंड, म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा गडी, कुठल्या बाजूला उभा आहे, म्हणजे ताकदीची बाजू कुठली, हे पुकारतो. पळणारा गडी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, मागे आहे की शेजारी, किती खोल आहे, हे पाहतो. रिसीव्हर नेहमीपेक्षा आत सरकून उभा असेल तर बाहेरच्या बाजूला पळायला किंवा आत येऊन कुणाला अडवायला त्याला जागा हवी आहे. पुढच्या रांगेतल्या लाइनमनने जमिनीवर टेकवलेल्या हाताची बोटं भाराने पांढरी पडली असतील तर तो पुढे मुसंडी मारणार, हात हलका ठेवला असेल तर मागे सरकून पासचं रक्षण करणार. कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, मैदानाचा कुठला भाग: प्रत्येक परिस्थितीत हा प्रतिस्पर्धी काय करत आला आहे त्याचे तक्ते आठवडाभर व्हिडिओ पाहून पाठ केलेले असतात. एवढं जुळलं की माइक ओरडतो आणि आपली माणसं हलवतो. कीकली समोरचा डाव स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधीच नावानिशी सांगायचा, आणि मैदानातल्या मायक्रोफोनमुळे ते टीव्हीवर स्पष्ट ऐकू यायचं. लोकांना जादू वाटायची. ती पाठांतराची आणि नजरेची कमाई होती.

स्नॅप झाला. नवखा लाइनबॅकर चेंडूकडे बघतो आणि तिथेच फसतो, कारण क्वार्टरबॅकचे हात खोटं बोलायला शिकलेले असतात. चेंडू दिल्याचं नाटक करून पास फेकणं हा या खेळातला सगळ्यात जुना चकवा. म्हणून माइकची नजर समोरच्या रांगेत मध्यभागाच्या शेजारी उभ्या गार्डवर असते. गार्डचं हेल्मेट स्नॅपबरोबर वर उठलं तर पास, खाली राहून पुढे आलं तर पळ. गार्ड रांग सोडून बाजूला धावू लागला तर चेंडू बहुतेक त्याच्यामागून येणार. दीडशे किलोच्या आसपासच्या त्या माणसाला खोटं बोलणं फार परवडत नाही. पहिलं पाऊल छोटं, वीतभर, भार पंजांवर. मोठं पाऊल टाकलं की चुकल्यावर परत फिरायला वेळ उरत नाही.

पळ आहे असं कळलं की आपली फट भरायची. समोरच्या रांगेतल्या प्रत्येक फटीला अक्षर दिलेलं असतं आणि प्रत्येक फटीचा एक मालक ठरलेला असतो. अंगावर येणाऱ्या गार्डला हातांनी त्याच्या छातीच्या आतल्या बाजूने पकडायचं, हात पूर्ण ताणायचे आणि त्याला झटकायचं. त्याच्या पाठीमागून वळसा घालण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. दहापैकी दोनदा मागेच चेंडूवाला सापडतो आणि टाळ्या मिळतात. उरलेल्या आठ वेळा आपली फट उघडी पडते आणि पळणारा तिथूनच निसटतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाठलागात पुढे निघून जाणं. चेंडूवाल्याच्या आतल्या कमरेच्या अर्धं पाऊल मागे राहायचं असतं. बरोबरीने किंवा पुढे धावलात की तो एक पाय रोवून आत वळतो आणि तुम्ही मोकळ्या हवेत.

मग टॅकल. आपल्याकडे लगेच कबड्डीची आठवण निघते. पण कबड्डीत चढाई करणाऱ्याला दम संपेपर्यंत किंवा शिट्टीपर्यंत धरून ठेवलं तरी चालतं. इथे धरल्यावरही तो तुम्हाला घेऊन दोन यार्ड पुढे पडला तर ते दोन यार्ड त्याचे. म्हणून पावलं आखूड करत जवळ जायचं, मान वर, नजर त्याच्या कमरेवर, खांदा मांडीला किंवा बरगडीला, दोन्ही हातांनी मिठी, आणि मिठीनंतरही पाय चालू. पूर्वी डोकं त्याच्या समोरून पलीकडे घाला असं शिकवायचे. २०१४ च्या सुमारास सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी रग्बीची खांद्याची पद्धत व्हिडिओ काढून पसरवली, ज्यात डोकं मागच्या बाजूला राहतं. २०१८ पासून तर डोकं खाली घालून हेल्मेटने धडक दिली की १५ यार्डांचा दंडच आहे. मान खाली गेली की कण्याचा बाक जातो आणि धक्का सरळ मणक्यावर येतो. नियमामागचं कारण तेवढं साधं आहे.

पास असेल तर उलटी गिरणी. पँथर्स बरेचदा क्षेत्र वाटून बचाव करायचे. त्यातल्या टॅम्पा-टू नावाच्या रचनेत माइकला स्नॅपबरोबर पाठमोरं वळून मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पंधरा-वीस यार्ड मागे पळावं लागतं. एकशे दहा किलोच्या माणसाने हे करायचं, तेही पळ नाही याची खात्री झाल्यावर. बहुतेक माइक इथे उघडे पडतात. कीकली इथेच वेगळा दिसायचा.

आता चरित्राकडे. जन्म २० एप्रिल १९९१, ओहायो राज्यातलं सिनसिनाटी. बोस्टन कॉलेजकडून तीन हंगामांत ५३२ टॅकल, त्यातली १९१ एकट्या २०११ मध्ये, आणि त्या वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार. मग इंडियानापोलिसची चाचणी, जिथे संघ खेळाडूंना गुरांच्या बाजारासारखे मोजतात. उंची सहा फूट तीन इंच, वजन २४२ पौंड, चाळीस यार्ड ४.५८ सेकंदांत, २२५ पौंडांचा बार छातीवरून २७ वेळा. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

माइकची जागा मात्र रिकामी नव्हती. तिथे जॉन बीसन होता, म्हणून कीकलीला विल म्हणून सुरुवात करावी लागली. चार सामन्यांत बीसन जायबंदी झाला आणि हा मध्ये आला. त्या हंगामात त्याने लीगमध्ये सर्वाधिक टॅकल केली आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २०१३ मध्ये, दुसऱ्याच वर्षी, सर्वोत्तम बचावपटू. त्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एका सामन्यात २४ टॅकल. हे आकडे जरा सांभाळून घ्या. टॅकल मोजणारे यजमान संघाच्या मैदानावरचे लोक असतात. साहाय्याला अर्धवट हात लागला तर मोजायचं की नाही यात हात सैल-घट्ट होतो, म्हणून संघांचे प्रशिक्षक व्हिडिओ पाहून आपली वेगळी नोंद ठेवतात. शिवाय नुसता आकडा फसवा. पळणारा आठ यार्ड पुढे गेल्यावर केलेलं टॅकलही टॅकलच. लाइनबॅकर कुठे टॅकल करतो ते पाहावं.

२०१५ चा हंगाम पँथर्सचा सोन्याचा. नियमित हंगामात १५ जिंकले, एक हरले. बाद फेरीत सिअ‍ॅटलविरुद्ध कीकलीने रसेल विल्सनचा पास पकडून १४ यार्ड पळत थेट गुण मिळवले. पुढच्याच आठवड्यात अ‍ॅरिझोनाविरुद्ध कार्सन पामरचा पास पकडून २२ यार्ड, पुन्हा थेट गुण. ७ फेब्रुवारी २०१६ च्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, मात्र डेन्व्हरने २४–१० असं हरवलं, आणि अजिंक्यपद त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

त्याच हंगामाच्या तोंडावर, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्याने पाच वर्षांची सुमारे ६.२ कोटी डॉलरची करारवाढ केली होती. आणि लगेच, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात जॅक्सनव्हिलविरुद्ध, डोक्याला मार बसून कनकशन झालं, म्हणजे मेंदूला धक्का बसला. तीन सामने बाहेर. १७ नोव्हेंबर २०१६ च्या गुरुवारी न्यू ऑर्लिन्सविरुद्ध दुसरं. त्याला गाडीवर बसवून नेलं तेव्हा तो ढसाढसा रडत होता, श्वास आवरत नव्हता. भावना आवरता न येणं हेही मेंदूला धक्का बसल्याचं एक लक्षण असतं. उरलेले सहा सामने तो खेळला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध तिसरं, एक सामना बाहेर.

परत येण्याच्या पायऱ्या पाच. आधी विश्रांती, मग सायकल किंवा ट्रेडमिल, मग खेळासारख्या हालचाली, मग धडकेविना सराव, आणि शेवटी संघाशी संबंध नसलेल्या मेंदूतज्ज्ञाची परवानगी. हंगामाआधी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीशी नवे निकाल ताडून पाहतात. एखाद्या पायरीवर लक्षणं परत आली की मागे. यातली गोम अशी की ही व्यवस्था आजचा मार बरा झाला का एवढंच सांगते. दर हंगामात शेकडो छोटे धक्के बसतात, ज्यांनी कनकशन होत नाही, त्यांची बेरीज कुणी मांडत नाही. आणि कवटीच्या आत हलणाऱ्या मेंदूला हेल्मेट धरून ठेवू शकत नाही. हाडाचं रक्षण ते करतं. म्हणून कीकली २०१७ पासून गळ्यात एक पट्टी घालू लागला, क्यू-कॉलर नावाची. मानेतल्या शिरांवर हलका दाब देऊन डोक्यात किंचित जास्त रक्त ठेवायचं, म्हणजे मेंदूला आत हलायला जागा कमी, अशी तिची कल्पना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तिला परवानगी दिली, पण फायदा किती यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा ज्युनियर सेआऊचं उदाहरण ताजं होतं. वीस हंगाम खेळलेला हा नावाजलेला लाइनबॅकर २०१२ मध्ये वारला, आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या धक्क्यांशी जोडलेला आजार असल्याचं जाहीर झालं. मार्च २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड नावाचा लाइनबॅकर एकच हंगाम खेळून, २४ व्या वर्षी, हेच कारण सांगून सोडून गेला. दुसऱ्या टोकाला लंडन फ्लेचर: ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, सोळा हंगामांत सलग २५६ सामने, एकही न चुकवता. सोळा वर्षं खेळणं म्हणजे निष्ठा आणि आठ म्हणजे अर्धवट, असा हिशेब काही जण मांडतात. मला तो पटत नाही. गुडघा गेलेला माइक एका पायावर खेळू शकेल. रचना वाचणारं, पाठ केलेले तक्ते पंधरा सेकंदांत ताडून बघणारं डोकं मंदावलं तर तो माइकच उरत नाही, आणि हा अवयव शस्त्रक्रियेने दुरुस्तही होत नाही.

१४ जानेवारी २०२० ला त्याने छोट्या चित्रफितीतून निवृत्ती जाहीर केली. वेगाने, ताकदीने, जोरात खेळायचं हीच एक पद्धत आपल्याला ठाऊक आहे आणि आता तसं खेळता येईल याची खात्री नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. करार २०२१ पर्यंत होता, त्या दोन हंगामांचा पगार सोडावा लागला. ११८ सामने, सात वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, पाच वेळा लीगच्या सर्वोत्तम अकरांत, १८ पास अडवून पकडलेले. त्यानंतर एक हंगाम त्याने पँथर्ससाठीच इतर संघांतले खेळाडू पारखण्याचं काम केलं, म्हणजे पुन्हा व्हिडिओसमोर बसला. २०२२ पासून तो पँथर्सच्या सामन्यांचं रेडिओवर समालोचन करू लागला.