क्लिक केलं की चौकोन उडतो का? टिकिंटरमधला माऊस

हे बघा, स्क्रीनवर माझी एक साधी विंडो आहे, पायथनमध्ये टिकिंटर, म्हणजे विंडो बनवायची लायब्ररी, वापरून केलेली, पांढरा कॅनव्हास, म्हणजे चित्र काढायची जागा, आणि त्यावर एक निळा चौकोन, बास. मला हा चौकोन माऊसने पकडून इकडून तिकडे न्यायचाय. आता पकडतो... आणि गेला! बघितलं का, पकडल्या पकडल्या टुणकन उडाला. मी पकडला होता मधोमध, पण त्याचा डावीकडचा वरचा कोपरा येऊन पॉइंटरला चिकटला. हे का होतं ते आज बघू.

आपण बोलताना सरळ क्लिक म्हणतो ना, पण टिकिंटरकडे क्लिक असं एकच काही येत नाही, त्याला आधी कळतं की बटण दाबलं, मग दाबलेलं असतानाच माऊस सरकतोय, आणि शेवटी कळतं की बटण सोडलं. तीन वेगळे इव्हेंट, म्हणजे घडलेल्या गोष्टी, आणि त्यांची नावं बटन-१, बी१-मोशन, बटनरिलीज-१. तो १ म्हणजे डावं बटण. आपण कॅनव्हासला बाइंड करून फक्त सांगून ठेवायचं की बाबा, हे झालं की माझं हे फंक्शन चालव. आपण स्वतः लूप लावून 'दाबलं का, दाबलं का' विचारत बसायचं नाही, ते काम मेनलूपचं, म्हणजे टिकिंटरच्या स्वतःच्या सतत चालणाऱ्या लूपचं.

आता इथे एक चूक, मी पण केलीय आणि तिच्यापायी अख्खी संध्याकाळ घालवलीय. बाइंडमध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नाही. कंस टाकला की ते फंक्शन तिथल्या तिथे, विंडो दिसायच्या आधीच चालून मोकळं होतं, आणि बाइंडच्या हातात येतं नन, म्हणजे काहीच नाही. फंक्शनला पॅरामीटर नसेल तर एरर पण येत नाही हो, नंतर तुम्ही क्लिक करत बसा, ढिम्म काही होत नाही. आणि फंक्शनला इव्हेंट नावाचा एक पॅरामीटर ठेवा, नाहीतर क्लिक केल्यावर लाल अक्षरात बोंब मारेल.

त्या इव्हेंटमध्येच सगळा माल असतो. इव्हेंट डॉट एक्स, इव्हेंट डॉट वाय, म्हणजे कॅनव्हासच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून पॉइंटर किती लांब. वाय खाली जाताना वाढतो हां, शाळेतल्या आलेखाच्या बरोबर उलटा.

आता चौकोनाकडे या. त्याचा कोपरा आहे १००, १०० वर. मी दाबलं १३०, १२० वर. आणि माझ्या कोडने काय केलं, तर माऊस जरा हलल्याबरोबर कोपरा उचलून थेट पॉइंटरखाली ठेवला, म्हणून ती उडी. करायचं काय, तर बटण दाबतानाच फरक मोजून ठेवायचा, इथे ३० आणि २०, आणि मोशनमध्ये दरवेळी तो वजा करायचा. पॉइंटर २००, १५० ला गेला की कोपरा १७०, १३० ला. बघा आता... कसा गपगुमान येतोय मागे मागे.

तो फरक फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर फंक्शन संपलं की तो पण संपला, म्हणून क्लास असेल तर सेल्फवर, नसेल तर बाहेर एखाद्या डिक्शनरीत ठेवा. आणि रिलीजला तो पुसा.

बरं, दाबून धरून पॉइंटर विंडोच्या बाहेर नेला तर? मला वाटायचं इव्हेंट बंद होतील, पण नाही, बटण सुटेपर्यंत ते आपल्याच कॅनव्हासकडे येत राहतात, एक्स चक्क उणे होतो, म्हणजे चौकोन पण बाहेर पळतो. तेव्हा शून्याच्या खाली जाऊ न देणं आपल्याकडे, आणि उजव्या-खालच्या कडेला पण तसंच.

हाच प्रकार चित्र काढताना. मोशनमध्ये नुसते ठिपके टाकले आणि हात जोरात फिरवला की ठिपक्यांमध्ये फटी पडतात, कारण माऊस प्रत्येक पिक्सेलचा हिशोब देत नाही, अधूनमधून कुठे आहे तेवढं सांगतो. मागचा बिंदू लक्षात ठेवा आणि तिथून आत्ताच्या बिंदूपर्यंत रेघ ओढा.

डबल क्लिकचं एक गंमतीशीर आहे, त्याच्या आधी सिंगलचं फंक्शन चालून गेलेलं असतं. म्हणून सिंगलवर डिलीट आणि डबलवर एडिट ठेवू नका, एडिट करायला काही उरायचं नाही.

उजवं बटण विंडोज आणि लिनक्सवर ३, पण मॅकवर, टिकिंटर ज्या टीकेवर चालतं त्याच्या ८.६ आवृत्तीत, ते २ येतं, तेव्हा दोन्ही बाइंड करून टाका. चाकाचं तर प्रत्येकाचं वेगळंच, विंडोजवर एका खाचेला डेल्टा, म्हणजे चाक किती फिरलं तो आकडा, १२० आणि लिनक्सवर त्याच ८.६ मध्ये चाक म्हणजे बटण ४ आणि ५, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो. कोड खाली टाकलाय, चालवून बघा, आणि चौकोन हललाच नाही तर आधी तो कंस बघा.