गायमुखच्या घाटात टायर बसला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. गाडी एका बाजूला ओढायला लागली, खालून फडफड ऐकू आली, की समजायचं टायर बसला. अशा वेळी कचकन ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चारही इंडिकेटर लावा आणि गाडी हळूहळू डावीकडे घ्या. ब्रेक कचकन नाही, हळूहळू डावीकडे. टायर बदलायचा कसा, हे तुम्हाला ठाऊक आहे. बदलायचा कुठे, हे मला एका ट्रकवाल्याने शिकवलं.

जुलैतली रात्र, साडेअकरा वाजलेले. मीरा रोडहून घोडबंदर रोडने ठाण्याला परतत होतो. मागे आई आणि मुलगी. गायमुखच्या घाटात, ऐन वळणावर, उजवीकडचा मागचा टायर गेला. रिम खराब होईल म्हणून मी गाडी तिथेच थांबवली आणि रस्त्याकडे पाठ करून चाकाशी उकिडवा बसलो. शेजारून कंटेनर गेला की शर्ट ओढल्यासारखा व्हायचा, चाकांनी उडवलेलं पाणी मानेवर यायचं.

"दादा, उठा आधी!" मागे एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर बीडचा, वापीहून न्हावाशेवाला निघालेला. म्हणाला, "रिमचं राहू द्या. गाडी वळणापुढं घ्या, मी मागं हाय." बसल्या टायरवर, चालत्या माणसाच्या वेगाने, दोनेकशे पावलं पुढे गेलो. सरळ रस्ता, सपाट कडेला. तिथे त्याने आईला आणि मुलीला उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं. आई म्हणाली, पोर भिजेल. "भिजू द्या आजी, पण गाडीत नको."

लाल त्रिकोण माझ्या डिकीत होता, प्लॅस्टिकमधून काढलेलासुद्धा नव्हता. क्लीनरने तो ट्रकच्याही मागे पन्नास-साठ पावलांवर ठेवला, त्याच्या मागे झाडाची मोठी फांदी, फांदीवर दोन दगड. नट हलेनात, तर तो पान्यावर चक्क उभा राहिला. नट आधी सैल करायचे, जॅक नंतर लावायचा. मऊ मातीत जॅक रुतू नये म्हणून त्याने खाली लाकडी ठोकळा सरकवला.

नशिबाने स्टेपनीत हवा होती. हा शब्द मला फार आवडतो. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला, ते नाव आपल्याकडे गॅरेजवाल्यापासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. 2020 पासून काही गाड्यांना स्टेपनीऐवजी दुरुस्तीचं किट चालतं. मला हे पटत नाही. टायर बाजूने फाटला तर त्या किटमधलं औषध काय करणार? असो. हवा भरताना स्टेपनीतलीही बघून घ्या.

आणि पुन्हा सांगतो: रिमचा नाही, जागेचा विचार करा. वळण, पूल, उतार सोडून पुढे चला. माणसं गाडीबाहेर, कठड्यापलीकडे. जागाच सापडली नाही, तर चाकाला हात न लावता तुम्हीही पलीकडे जा आणि 112 लावा.

त्या ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. टॉर्च माझ्या हातात दिला. "फांदी न् दगड उचलून आणा. मागून मोटरसायकलवाला येतो." क्लीनर आणि मी कडेकडेने गेलो. एक दगड फांदीवरून घरंगळून लेनमध्ये आला होता. तो उचलून कठड्याला टेकवतोय, तोच वळणावरून एक मोटरसायकल आली. नवरा, बायको, मध्ये पोर, तिघांवर मिळून एकच प्लॅस्टिक. ती तिथूनच पुढे गेली.